भिवाबुवांचं विरजण

फार फार वर्षांमागं पानवडीच्या देवळात दिवा लागत नव्हता. पटकीच्या साथीत घरटी माणूस गेलं होतं. उरलेल्यांनी देवाशी बोलणंच टाकलं, टाळ माळ्यावर फेकले.

अशा गावात भिवाबुवा गवळी आले. दिवसा म्हशी राखायचे, सांजेला देवळाचा उंबरा झाडून एकटेच गात बसायचे. कुणी यायचं नाही. बुवाही कुणाला बोलवायचे नाहीत. एका सांजेला त्यांनी एक ओळ म्हटली आणि पुढची ओळ देवळाशेजारच्या ठकूबाईच्या चुलीपासून आली. मग आणखी दोन घरांतनं. असं म्हणतात, पावसाळा सरेतो सगळं गाव गाऊ लागलं, आणि गाणं ऐकून भाकड म्हशीसुद्धा पान्हावल्या.

गाणं वाढलं तसा वादही वाढला. वरची आळी म्हणे, शेवटच्या ओळीत बुवांचं नाव घालू, त्यांच्यामुळंच गाव जागं झालं. खालची आळी म्हणे, गळे आमचे, देव आमचा, बुवांनी वेगळं काय केलं? एका सांजेला दोन्ही आळ्या उठून गेल्या. दिवा तेवढा जळत राहिला. बुवा आता थकले होते. आपल्यामागं हे टिकावं, एवढाच त्यांना घोर होता. आणि ते तर त्यांच्या डोळ्यांदेखतच थांबलं.

त्यांनी काय केलं, घरोघरचं दूध मागून आणलं. मोठ्या मडक्यात कोमट केलं, आपल्या गाडग्यातलं चमचाभर विरजण घातलं आणि मडकं देवळात झाकून ठेवलं. सकाळी दही असं घट्ट लागलेलं की मडकं कलतं केलं तरी हलेना. असं म्हणतात, गावानं पोटभर खाल्लं तरी तळ दिसला नाही.

बुवा म्हणाले, "आता यातनं माझं विरजण वेगळं काढून दाखवा, मग घाला माझं नाव."

खालची आळी गालात हसली. तेवढ्यात ठकूबाई पुढं झाली.

"बुवा, ते नसतं तर दूध नासलं असतं. तुम्ही गवळी, तुम्हाला मी काय सांगायचं?"

बुवांना हसू आलं.

"गवळ्यालाच धरलंस की गं बाई. बरं, मग एवढं करा. सगळं खाऊन टाकू नका. चमचाभर मागं ठेवा."

त्या सांजेला दोन्ही आळ्या पुन्हा एकत्र गायल्या.

बुवांना जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक. पानवडीत अजून बाहेरचं विरजण येत नाही. कुणाचं संपलं तर शेजारी मागायचं, आणि कितीही अबोला असो, नाही म्हणायचं नाही. भजनाच्या शेवटच्या ओळीत नाव कुणाचंच नाही. तिथं सगळे एक श्वासभर थांबतात. परका माणूस समजतो, ओळ विसरले. मग दही वाटतात. वाटणारा आधी चमचाभर बाजूला काढतो, "हा बुवांचा" म्हणतो, आणि त्यानंच उद्याचं दूध विरजतो.