नातीच्या उंचीचं सूत

इचलकरंजीच्या हौसाबाई मकोटे पहिल्यांदाच फ्रान्सला निघाल्या होत्या, तेही सहाच दिवसांसाठी. लेक तिकडे बाळंत झाली होती आणि नात अजून पाहायची होती. पण व्हिसा कचेरीतल्या साहेबांना ही बाई परत येईल असं वाटेना. घराचे, पेन्शनचे कागद त्यांनी न उघडताच बाजूला सारले.

"आजी, लेक तिथं, नात तिथं. परत कशाला याल?"

"नातीचे आजोबा इथं आहेत की!"

"त्यांना फोनवर दाखवा नात. हल्ली सगळं फोनवर दिसतं."

हौसाबाईंनी पिशवीतून पांढऱ्या सुताचं रीळ काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, त्यांचे डोळे जाऊन नऊ वर्षं झाली. जन्मभर माग चालवला, आता बोटांनीच बघतात. नात केवढी आहे ते कळावं म्हणून तिच्या उंचीएवढं सूत तोडून आणायला सांगितलंय. ते तुमच्या फोनमधून त्यांच्या हातात पडत असेल, तर मी जातच नाही."

साहेबांनी रीळ उचलून हौसाबाईंच्या हातात परत दिलं. मग त्यांनी अर्ज ओढून शिक्का मारला.

"आजी," ते हळूच म्हणाले, "मोजताना पाय सरळ करा तिचे. तान्ही पोरं आखडून झोपतात, माप कमी भरतं."