विहारातले जुने लॅपटॉप

“अडकलाय म्हणजे नेमकं काय झालंय त्याला?” भन्तेंनी विचारलं.

प्रणितने मान वर केली नाही. “पुढे जात नाही, भन्ते.”

“का?”

“जुना आहे. भंगार झालाय.”

“आणि तो पलीकडचा?”

“तोही.”

भन्ते सुमेधांनी अभ्यासिकेभर नजर फिरवली. लांबलचक टेबलावर डझनभर लॅपटॉप उघडे पडले होते. प्रत्येकाच्या पडद्यावर तेच एक चित्र, आणि चित्राखाली गोल गोल फिरणारे ठिपके.

“कालपर्यंत चालत होते. आज सगळेच एकदम भंगार झाले?”

प्रणितने समोरचा लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

वैनगंगेकाठच्या त्या गावात, विहाराच्या मागच्या खोलीत ही अभ्यासिका होती. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुली तिथे येत. परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची होती, आणि त्यांच्यातल्या कित्येकींनी माऊस कधी हातात धरलेला नव्हता. म्हणून उद्या सकाळी सराव ठेवला होता. लॅपटॉप तालुक्याच्या एका कॉलेजने नवे घेतल्यावर देऊन टाकलेले. चालायचे, पण एक पान उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

प्रणित गजभिये याच विहारात शिकून मोठा झालेला. आता पुण्यात चांगल्या नोकरीला होता. सुट्टीत गावी आला, लॅपटॉप पाहिले आणि म्हणाला, “यांच्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकू. हलकं असतं. पळायला लागतील.”

अभ्यासिका सांभाळणाऱ्या रंजनाताई म्हणाल्या होत्या, “आधी एकावर करून पाहा बाबू. मग बाकीच्या…”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हसला होता. “ताई, माझं रोजचं काम आहे हे.”

आणि त्याने सगळ्यांच्या डिस्क एका दमात पुसून टाकल्या होत्या.

आता जुनं गेलं होतं आणि नवं येत नव्हतं.

सकाळपासून त्याने पेनड्राइव्ह बदलून पाहिला. लिनक्स पुन्हा उतरवून घेतलं. व्होल्टेज कमी आहे म्हणून कूलर बंद करायला लावला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. रंजनाताई जेवायला दोनदा बोलावून गेल्या, तो उठला नाही. उद्या मुली येतील, दारात चपला काढतील, आत येऊन बसतील… त्यापुढचा विचार त्याला करवत नव्हता.

भन्ते त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

“काय म्हणतोय तो?” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“काहीच म्हणत नाही. नुसतं फिरतंय.”

“मग तू काय करतोस?”

“बंद करून पुन्हा चालू करतो.”

“आणि पुन्हा फिरत बसला तर?”

“पुन्हा बंद करतो.”

बोलता बोलता प्रणितचा हात सवयीने पॉवरच्या बटणाकडे गेला. भन्तेंनी पुढे होऊन त्या बटणावर आपला तळवा ठेवला. अलगद. जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“भन्ते, तो असा आपोआप…”

“थांब.”

“पण…”

“त्याला काहीतरी म्हणायचं असेल.”

प्रणितच्या तोंडावर उत्तर आलं होतं, की मशीनला काय म्हणायचं असणार. त्याने ते गिळलं. भन्तेंचा हात तिथून हलेना.

ठिपके फिरत होते…

त्या चित्राकडे बघता बघता प्रणितच्या एकदम लक्षात आलं. हे चित्र म्हणजे नुसता पडदा. लोकांनी घाबरू नये म्हणून मशीनच्या बोलण्यावर टाकलेला. तो बाजूला करायला एक बटण लागतं, आणि हे आपल्याला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे.

त्याने एस्केप दाबलं.

चित्र गेलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या. एकच ओळ, खाली पुन्हा तीच, पुन्हा तीच.

“काय म्हणतोय?” भन्तेंनी विचारलं.

“फ्लॉपी वाचता येत नाही म्हणतोय.”

“ती काय असते?”

“पूर्वी चौकोनी चकती यायची बघा. फटीत घालायची.”

भन्तेंनी लॅपटॉप थोडा उचलला आणि चारी कडांवरून बोट फिरवलं.

“फट कुठे आहे?”

“नाहीये, भन्ते. या मॉडेलला फ्लॉपी कधी नव्हतीच.”

“आणि हा सकाळपासून तीच शोधतोय?”

प्रणितला हसू फुटलं. दिवसभरातलं पहिलं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. दारात उभ्या असलेल्या रंजनाताईंना समजेना, हा हसतोय की रडतोय.

“काहून रे?” त्या घाबरून म्हणाल्या. “अजून काही बिघडलं का?”

“नाही ताई. सापडलं.”

त्याने मशीनच्या मूळ सेटिंगचं पान उघडलं. आतली बारकी बॅटरी पडून पडून मेली होती, म्हणून सगळ्या नोंदी कारखान्यातून निघाल्या तशा झाल्या होत्या. त्यांत लिहिलेलं होतं, फ्लॉपी: आहे. कालपर्यंतचं विंडोज त्या नोंदीकडे बघत नव्हतं; लिनक्सने ती खरी मानली होती.

त्याने ‘नाही’ केलं आणि लॅपटॉप चालू केला.

या वेळी त्याने घाई केली नाही. हात मांडीवर ठेवून बसला.

ठिपके आले. गेले. निळी पट्टी उमटली आणि सरकू लागली.

“ताई,” तो म्हणाला, “सकाळी तुम्ही काय सांगत होता?”

“जाऊ दे आता.”

“नाही, सांगा.”

“हेच, की आधी एकावर कर, मग बाकीच्यांवर.”

“तसंच करतो.”

पहिला पुरा झाला. रंजनाताईंनी माऊस हलवून पाहिला, एक पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग ओढणीने तोंड पुसत खुर्चीत बसल्या आणि मोठा श्वास सोडला. त्याही जेवल्या नव्हत्या, हे प्रणितला तेव्हा कळलं.

उन्हं कलेपर्यंत टेबलावरच्या सगळ्या पडद्यांवर निळ्या पट्ट्या सरकत होत्या. कूलर पुन्हा लावला होता. रंजनाताईंनी ताट त्याच्यासमोर आणून ठेवलं, आणि तो वरणभात असा जेवला, की जणू परीक्षा त्याचीच होती आणि ती सुटली होती.

भन्ते चीवर सावरून उठले. प्रणितही हात धुऊन दारापर्यंत गेला.

“भन्ते, एक कळत नाही.”

“विचार.”

“एवढं हुशार मशीन. जी वस्तू नाहीच, कधी नव्हतीच, ती इतका वेळ शोधत का बसावं त्याने?”

भन्ते पायरी उतरता उतरता थांबले. त्याच्याकडे वळले.

“कुणीतरी सांगितलं होतं ना त्याला, की आहे म्हणून.”