पुसण्याआधीचा संकल्प

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी पानावर जेवतं. मी ठरवलं, घरातली कोणतीही वस्तू बाहेर टाकायची तर आधी ती हातात घ्यायची, तिचं नाव उच्चारायचं, मगच टाकायची. घरचे हसले. धाकटे दीर म्हणाले, वहिनी आता केळ्याच्या सालालाही निरोप देणार. दिला मी निरोप. पण त्याच चार महिन्यांत निर्माल्यात गुंडाळला गेलेला आमचा इवलासा बाळकृष्ण माझ्या हाती परत आला. नाव घ्यायला थांबले नसते तर फुलांबरोबर नदीला गेला असता.

त्या नेमाचं खरं मोल मला पुढे एका कहाणीने कळलं. माझी भाची संगणकाच्या कामात आहे. तिच्याकडून ऐकली, ती माझ्या भाषेत सांगते.

एका तालुक्याच्या गावी डोळ्यांचं एक धर्मादाय रुग्णालय होतं. तिथलं संगणकघर निरुपमा नावाची एक बाई सांभाळत असे. रुग्णालयातले सगळे संगणक एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. त्याला सर्व्हर म्हणतात. घरातली कोठीची खोली असते ना, तसा तो. सगळं तिथे साठवायचं आणि लागेल तेव्हा तिथून काढायचं. तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर चाले. त्या प्रणालीचा स्वभाव असा, की तिला सांगितलं तेवढं ती मुकाट्याने करते. ‘खरंच करू का?’ असं सहसा विचारत नाही.

रोजची कामं रोज नव्याने सांगायला नकोत म्हणून निरुपमा आज्ञा ओळीने लिहून ठेवी. अशा लिहून ठेवलेल्या आज्ञांना स्क्रिप्ट म्हणतात. तिची एक स्क्रिप्ट डिस्कवर जागा किती उरली ते पाही आणि कमी पडली तर मोबाइलवर कळवी. एक स्क्रिप्ट बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करी. आणि एक केर काढी.

केर म्हणजे काय, तर डोळ्याचे फोटो काढणारा कॅमेरा प्रत्येक फोटोमागे काही कच्च्या प्रती टाकत असे. त्या एका फोल्डरमध्ये साठत. केराच्या स्क्रिप्टमध्ये दोनच ओळी होत्या. पहिली, त्या केराच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी, तिथलं महिन्याहून जुनं सगळं पुसून टाक.

पण ही स्क्रिप्ट चालवण्याआधी निरुपमा एक गोष्ट नेमाने करी. काय काय पुसलं जाणार आहे त्याची नावं ती आधी नुसती पडद्यावर मागवी. ती वाची. मगच पुसण्याची आज्ञा देई. कारण तिथे अशा आज्ञेने पुसलेलं कचरापेटीत जाऊन पडत नाही. गेलं ते गेलंच.

त्या रुग्णालयात गोदाबाई नावाच्या एक आजी दर सहामाहीला येत. गोधड्या शिवून त्या पोट भरायच्या. त्यांना काचबिंदू झाला होता. त्या दुखण्यात डोळ्याची नस आतून वाळत जाते. पुष्कळदा दुखत नाही, खुपत नाही, माणसाला कळतही नाही. डॉक्टर जुना फोटो नव्या फोटोशेजारी ठेवत तेव्हाच समजे, नस आहे तशी आहे की वाळत चालली आहे. या खेपेला रुग्णालयात तपासणीचं शिबिर होतं, त्यात ते ठरायचं होतं. वाळत असेल तर शस्त्रक्रिया करायची. नसेल तर त्या वयात डोळ्याला उगाच हात लावायचा नाही. म्हणजे गोदाबाईंची सुई-दोऱ्याची भाकर त्या जुन्या फोटोंवर टांगलेली होती.

शिबिराच्या आधी सर्व्हरला नवी, मोठी डिस्क बसवली. सगळं तिच्यावर उतरवलं. जुनी डिस्क काढून फोटो काढणाऱ्या हणमंतरावांकडे दिली. ती कोरी करून नोंदणीच्या संगणकाला लावायची, असं रुग्णालयाच्या डॉक्टर सबनीसांनी ठरवलं होतं. दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क मागवली होती, पण ती अजून वाटेत होती.

शिबिराच्या सकाळी नव्या यंत्राची पूजा झाली. हळदकुंकू लावल्याशिवाय आपल्याकडे नवं यंत्र कुणी रुळवत नाही. पूजेला निरुपमालाच बसवलं. बाहेर ओसरीवर माणसं खोळंबली होती. डॉक्टर म्हणाले, गुरुजी, जरा थोडक्यात आटपा.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “आरती एकच म्हणू. पण संकल्प पुरता सांगेन. कोण, कुठे बसून, काय करणार, हे तोंडाने म्हटल्याशिवाय पाणी सोडायचं नाही.”

निरुपमाने तळहातावर पाणी घेतलं. गुरुजींच्या मागून तिथी म्हटली, स्थळ म्हटलं, आपलं नाव म्हटलं, काय करते आहे ते म्हटलं. मग ताम्हनात पाणी सोडलं.

पूजा आटोपली. निरुपमा सगळे फोटो नव्या डिस्कवर नीट आलेत ना, ते पाहायला फोटोंच्या मोठ्या फोल्डरमध्ये शिरली. सगळे आले होते. इतक्यात हणमंतरावांनी दारातून सांगितलं, कॅमेरा अडून बसलाय, कच्च्या प्रती फार झाल्यात म्हणतोय, तेवढा केर काढा. आणि ते जुनी डिस्क घेऊन नोंदणीच्या खोलीकडे गेले.

निरुपमाने केराची नावं मागवायला हात पुढे केला. डॉक्टर हसून म्हणाले, “ताई, पूजा झाली. आता प्रसाद वाटा.”

भोवतालचे हसले. निरुपमाही हसली. रोजचीच तर स्क्रिप्ट, असं तिच्या मनात आलं. तिने नावं मागवली नाहीत. तळहात अजून ओला होता, त्याच हाताने तिने आज्ञा दिली.

नव्या डिस्कवर केराच्या फोल्डरचा पत्ता बदलला होता. स्क्रिप्टमध्ये जुनाच पत्ता होता. पडद्यावर एक ओळ उमटली, की असं फोल्डर इथे नाही. पण स्क्रिप्ट तिथे थांबली नाही. एखाद्याला सांगावं, परसात जा आणि बादली उपडी कर. परस सापडलं नाही तर माणूस परत येऊन विचारील. स्क्रिप्टला तेवढं कळत नाही. ती जिथे उभी होती तिथेच तिने बादली उपडी केली. आणि ती उभी होती फोटोंच्या फोल्डरमध्ये. महिन्याहून जुनं ते सगळं तिने पुसलं. नेमके जुने फोटोच गेले.

कॅमेरा अडलेलाच राहिला. तेव्हा निरुपमाने पडद्याकडे नीट पाहिलं. ती ओळ वाचली. फोटोंचं फोल्डर उघडलं. जुना एकही फोटो तिथे नव्हता.

डॉक्टर मागून डोकावले. रिकामी जागा त्यांनाही दिसली. ते हळूच म्हणाले, नवी डिस्कच खराब निघाली की काय?

त्यांनी सहज विचारलं होतं. नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. पुरवठादाराला फोन गेला असता, शिबिर पुढे ढकललं गेलं असतं, आणि निरुपमाच्या नावाला बट्टा लागला नसता. जुन्या डिस्कचं मागाहून बघता येईल, असंही तिच्या मनाने तिला सुचवलं. पण त्याच क्षणी तिला आठवलं, हणमंतरावांनी ती कोरी करायला घेतली असणार. आपण जेवढा वेळ गप्प बसतो आहोत तेवढा वेळ तिकडे कुणाचे तरी डोळे पुसले जात आहेत.

ती उठून दारात आली. ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हणमंतराव, आहे तिथे थांबवा. नवी डिस्क चांगली आहे. फोटो मी पुसले. आता जे आहेत ते तुमच्या हातातल्या डिस्कवरच आहेत.”

हणमंतरावांनी काम थांबवलं. जुनी डिस्क परत आली. तिचा सुरुवातीचा भाग कोरा झाला होता. बाकीचा शाबूत होता.

निरुपमा पुन्हा पडद्यासमोर बसली. डॉक्टरांनी एक स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आता एकेक ओळ मोठ्याने वाचा. मी ऐकतो. घाई माझी होती.”

निरुपमा वाचू लागली. आपण कुठे आहोत. इथून काय घेणार. ते कुठे ठेवणार. डॉक्टर हूं म्हणत, मगच ती आज्ञा देई. आत जप चालावा तसा तो आवाज बाहेर येत होता.

बरेचसे फोटो परत आले. काही कायमचे गेले. ज्यांचे गेले त्यांना हे डॉक्टरांनी सांगावं असं ठरत होतं. निरुपमा म्हणाली, मी सांगेन. ती एकेकाजवळ जाऊन बसली आणि आपल्या हातून काय झालं ते सांगितलं. एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा एकही जुना फोटो उरला नव्हता. त्यांनी विचारलं, म्हणजे माझा डोळा आजपासून पहिलीच्या वर्गात? ते हसले नाहीत. निरुपमाही हसू शकली नाही. तिने मान खाली घातली आणि हो म्हणाली.

गोदाबाईंचा अगदी पहिला फोटो गेला होता, पण नंतरचे राहिले होते. डॉक्टरांनी ते नव्याशेजारी ठेवले. नस वाळत चालली होती. शस्त्रक्रिया लगेच ठरली आणि वेळेवर झाली. पट्टी सुटल्यावर निरुपमा त्यांना भेटायला गेली आणि पुन्हा क्षमा मागू लागली. गोदाबाईंनी तिचा हात चाचपून धरला.

“लेकी, तू लगेच सांगितलंस म्हणून फोटो वाचले आणि दुखणं कळलं,” त्या म्हणाल्या. “मेली नस तर तेवढंपण सांगत नव्हती.”

त्या दिवसापासून निरुपमाने आपल्या सगळ्या स्क्रिप्टा बदलल्या. प्रत्येकीला आरंभी बोलायला लावलं, की मी कुठे उभी आहे आणि काय करणार आहे. सांगितलेली जागा सापडली नाही तर तिथल्या तिथे थांब, पुढची ओळ वाचू नकोस, असंही तिने प्रत्येकीला बजावलं. पुसायचं असेल ते आधी बाजूला काढून ठेवायचं, नावं पाहायची, मग पुसायचं. दुसऱ्या प्रतीची डिस्क आली तेव्हा त्या प्रतीतून खरंच परत काढता येतं का, तेही तिने करून पाहिलं. हणमंतराव चिडवत, ताई, तुमच्या स्क्रिप्टा आता सोवळं नेसूनच कामाला लागतात.

निरुपमा म्हणे, नेसू देत. आणि पडद्यावरची पहिली ओळ मोठ्याने वाची.

तात्पर्य: जे परत येत नाही ते करण्याआधी आपण कुठे उभे आहोत आणि काय करतो आहोत ते मोठ्याने म्हणावं, आणि तरीही चुकलं तर तेही तितक्याच मोठ्याने म्हणावं, माझं ऐकणाऱ्यांनो, तुमचं काम संगणकाचं असो की केरवाऱ्याचं, येत्या चातुर्मासात एवढा एक नेम माझ्यासारखा तुम्हीही धराच.