लांडग्याची माफी

फार जुन्या काळी एका बर्फाळ रानात लांडगा राज्य करी आणि डोंगरावरच्या दगडी गढीत राहून म्हातारा बारशिंगा धर्म सांगे. प्रत्येक पाणवठ्यावर पंच नेमायचा मान बारशिंग्याचा होता. पण लांडगा राजाच तो! त्याने तिथे आपलेच सोयरे बसवले. बारशिंग्याने दवंडी पिटवली, "आजपासून या राजाला कुणी मुजरा करू नये." आठवडाभरात लांडग्याचे सख्खे भाऊसुद्धा त्याला पाहून तोंड फिरवू लागले.

मग एके सकाळी लांडगा एकटाच गढीच्या दाराशी येऊन रडू लागला, "महाराज, चूक पदरात घ्या!"

बारशिंग्याला चैन पडेना. दार उघडलं तर हा पुन्हा राजा होणार. नाही उघडलं, तर आपण दयेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या? तीन दिवस धुकं हटलं नाही. रडणं कधी पुढून ऐकू येई, कधी मागून. वारा फिरला असेल, अशी तो स्वतःची समजूत घाली.

चौथ्या दिवशी दारावरची खार म्हणाली, "आजोबा, पाय गोठले असतील हो त्याचे. आणखी किती ताटकळत ठेवणार?"

बारशिंग्याने दार उघडलं आणि लांडग्याच्या डोक्यावर खूर ठेवून त्याला क्षमा केली. लांडगा डोळे पुसत डोंगर उतरला. खालून जयजयकार ऐकू आला.

तेवढ्यात धुकं विरलं. बारशिंगा बाहेर आला. दारापुढचा बर्फ जेमतेम तुडवलेला होता. पावलांची वाट मात्र सबंध गढीला वळसा घालून गेली होती, आणि मागची भिंत जिथे पडकी होती, तिथे वरच्या बर्फात दोन पंजे स्वच्छ उमटले होते.