भट्टीतला दगड

"आता आणखी कसला पुरावा हवाय, बाई?"

शार्दूल सबनीस लोणारच्या सरोवराकाठी आपलं यंत्र घेऊन उभा होता. मंगळावर कधीकाळी पाणी वाहिलं, त्या पाण्याकाठचे दगड अजून तिथं पडलेत. त्यांत जीवाची खूण असली, तर या यंत्राचा हिरवा दिवा लागणार होता. शार्दूलची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती. पण मंगळावर निघालेल्या यानात काय जाणार, यावर शेवटचा शब्द दमयंतीबाईंचा. त्यांनीच त्याला दगड वाचायला शिकवलं होतं.

सरोवराच्या पाण्यात दिवा लागला. झऱ्याच्या पाण्यात लागला. काळ्या खडकाच्या पोटातही लागला. शार्दूल तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच आला होता.



बाईंनी पिशवीतून एक बंद डबी काढली. "यातला दगड बघ. वीटभट्टीत भाजून घेतलाय."

शार्दूलनं हातमोजे चढवले. डोक्याला टोपी घातली. हातोडी स्पिरिटनं पुसली आणि दगड फोडला. फुटल्या अंगावर धूळ होती. दगड फोडणाऱ्यांच्या जुन्या खोडीनं त्यानं फू करून ती उडवली आणि तुकडा यंत्रात सरकवला.

हिरवा दिवा लागला.

"बघा! भट्टीतून निघालेल्या दगडातसुद्धा जीव!" तो नाचायचाच बाकी होता.

बाईंनी तळहात तोंडासमोर धरला आणि त्यावर हलकेच फुंकर घातली.

शार्दूलचा चेहरा उतरला. "म्हणजे... माझाच?"

"एवढं सोवळं पाळलंस," बाई म्हणाल्या, "आणि नैवेद्य उष्टा केलास."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग इतकी वर्षं फुकट गेली?"

बाई केव्हाच वाट चढू लागल्या होत्या.

पण शार्दूल हटणाऱ्यातला नव्हता. पुण्याला जाऊन त्यानं यंत्र सुटं केलं आणि पहिल्यापासून बांधलं. दगड फोडायची सोय त्याच्या पोटातच केली. ना कुणाचा हात लागायचा, ना श्वास. थंडी सरता सरता तो लोणारला परतला आणि बाईंकडे आपणहून भट्टीतला दगड मागितला.

यंत्र घरघरलं. दोघं दिव्याकडे बघत बसले.

दिवा लागला नाही.

काठावरचा साधा दगड घातला. लगेच लागला.

शार्दूलच्या जिवात जीव आला. "आता तरी सांगा, बाई. मंगळावर सापडेल ना काही?"

"नाही सापडलं, तर तसं सांगशील?"

शार्दूल बोलायला गेला आणि थांबला. सगळं जग हिरव्या दिव्याची वाट बघत असणार, आणि त्यानं उठून सांगायचं, काही नाही...  त्यानं दिव्यावरची धूळ बोटानं पुसली.

"सांगेन, बाई."

बाईंनी भट्टीतल्या दगडाचा उरलेला तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"मग यंत्र पाठव. आणि हाही."