तीन हाकांचा वाघ

एका जंगलात डोहाच्या काठी अर्जुनाचे उंच झाड होते आणि त्याच्या शेंड्यावर एक वानर ऐटीत बसत असे. वाघ आला की सर्वांत आधी दिसायचा तो त्यालाच. मग तो खाकरून अशी हाक देई की सारे जंगल कान टवकारत असे. सहा उन्हाळ्यांत त्याची एकही हाक वाया गेली नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबण्याइतका तो लाजाळू नव्हता. पण मुलांनो, त्याची ऐट काही फुकटची नव्हती, हे आपणही मान्य करायला हवे.

त्या जंगलाचा एक रिवाज होता. वानर, मोर आणि हरिणी या तिघांनी हाक दिली, की वाघ आहे हे ठरले. मग वानराने "रान मोकळं" असे सांगेपर्यंत पाण्याकडे कुणी पाऊल टाकायचे नाही.

वैशाखातल्या एका सकाळी डोहाकाठच्या गवतात काहीतरी पिवळे हलले. वाघ असेल? वानराला नीट दिसले नाही, पण उशीर नको म्हणून त्याने हाक दिली. लगोलग मोर ओरडला आणि मोरापाठोपाठ हरिणी. वानराच्या मनात जरा शंका होती, ती तिथल्या तिथे विरली. 'मोराला दिसला, हरिणीला दिसला, म्हणजे वाघच तो,' असे म्हणून त्याने दुप्पट जोराने हाक दिली. दुसऱ्या दिवशीही गवत हलले आणि पुन्हा तिन्ही हाका झाल्या. डोह भरलेला होता, पण आसपासचे ओढे कधीच आटले होते आणि सगळी जनावरे तहानेने कासावीस झाली होती.

तिसऱ्या दिवशी हरिणी झाडाखाली आली. तिचे पाडस चार पावले चालून खाली बसत होते. "वानरदादा," ती म्हणाली, "माझं दूध आटलंय. याला आज पाणी मिळालं नाही तर हा जगत नाही. वाघ नेमका कुठे बसलाय तेवढं सांगा, म्हणजे मी दुसऱ्या काठाने याला नेते."

वानराने गवताकडे नजर टाकली. नेमका कुठे, हे त्याला कुठे ठाऊक होते? तो म्हणाला, "अगं, हाक तर तूही दिलीस. तुला कुठे दिसला?"

"मला कुठला दिसायला? मी मोराचं ऐकून हाक दिली."

बाजूच्या फांदीवरून मोर म्हणाला, "आणि मी तुमचं ऐकून. तुमची हाक कधी चुकली आहे का?"

हे ऐकून वानराची छाती क्षणभर फुगली आणि दुसऱ्याच क्षणी त्याला सारा हिशेब कळला. तीन हाका झाल्या होत्या, पण पाहणारे डोळे दोनच, आणि त्या डोळ्यांनाही धड काही दिसले नव्हते. ज्यांनी त्याच्या भरवशावर हाक दिली, त्यांच्याच हाकेवर तो भरवसा ठेवून बसला होता. त्याला वाटले, गप्प बसावे. उद्या "वाघ गेला" म्हणावे, म्हणजे आपले नाव शाबूत राहील. पण पाडसाला उद्यापर्यंत दम नव्हता, आणि असले नाव मिरवायची वानरालाच लाज वाटली.

"ऐका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "वाघ मी पाहिलेला नाही. काहीतरी पिवळं हलताना पाहिलं. तिथे वाघ आहे हे मला माहीत नाही आणि नाही हेही माहीत नाही. मी बघून येतो. तोवर कुणी हलू नका."

तो झाडावरून उतरला. गवतापाशी पोचेपर्यंत त्याने तीनदा मागे वळून पाहिले, ते मी लपवणार नाही. काठावरचा चिखल मऊ होता, पण त्यात वाघाच्या पंजाचा एकही ठसा नव्हता. गवत बाजूला केले, तर वाळक्या बांबूचा पिवळा फोक पाण्यात अडकून लाटांबरोबर डुलत होता. वानराने तो उपटला, ओढत आणून सगळ्यांसमोर टाकला आणि म्हणाला, "हा घ्या तुमचा वाघ. माझा म्हणा हवं तर. रान मोकळं."

पाडस पाण्यात तोंड घालून प्यायले ते पोट टम्म होईपर्यंत. मोराला मात्र राहवले नाही. "म्हणजे वानरदादा, अखेर तुमचीही हाक चुकली. आता उद्यापासून तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

वानर पुन्हा शेंड्यावर जाऊन बसला होता, पूर्वीपेक्षाही ताठ. तो म्हणाला, "आजपासूनच ठेव. परवा मला वाटलं ते मी बोललो. आज मी पाहिलं ते बोललो, आणि दोन्हींतला फरक तुम्हाला मी स्वतः सांगितला. सहा उन्हाळ्यांत एवढी चांगली हाक मी दिली नव्हती."

तात्पर्य : एखादी गोष्ट किती जण सांगतात हे मोजू नये, त्यांतल्या कुणी ती स्वतः पाहिली हे विचारावे, आणि हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारण्यातच खरी शान आहे.