ओले पंख

माणसांच्या शाळा निघायच्या आधी एका तळ्यावर पाखरांची शाळा भरायची. वर्गात सगळी बदकंच. पाणकावळा तेवढा एकटा, नवा. पोहून झालं की तो पंख पसरून वाळवत उभा राही.

"कुणाला मिठी मारतोयस रे?" बदकं खिदळत. आपल्यालाही वेगळं पाडतील म्हणून झिमा बदकीही हसे.

एके दिवशी लाजून त्याने पंख मिटून घेतले. शाळा सुटली आणि काठावर कोल्हा आला. बदकांचे पंख पाण्यात भिजत नसत; ती भुर्रकन उडाली. ओल्या पंखांच्या पाणकावळ्याला मात्र उडताच येईना. शेपटीची दोन पिसं कोल्ह्याच्या तोंडात सोडून तो कसाबसा पाण्यात निसटला.

दुसऱ्या दिवशी झिमा त्याच्याशेजारी पंख पसरून उभी राहिली.

"तुझे पंख कुठे भिजतात?" बदकांनी विचारलं.

"नाही भिजत," झिमा म्हणाली. "म्हणून तर आपण याला हसत होतो."